एचपीव्ही लसीसाठी नाशिकमधलं एक क्लिनिक, कोर्स पूर्ण झाल्यावरचा रिव्ह्यू

लेकीचा दुसरा डोस दिवाळीच्या सुट्टीत झाला, भाचीचा तिसराही त्याच दिवशी, म्हणजे दोघींचा कोर्स आता पूर्ण, म्हणून निवांत बसून सविस्तर लिहितेय. क्लिनिकचं नाव टाकणार नाहीये हे आधीच सांगते. डॉक्टर मॅडमना विचारलं होतं, त्या म्हणाल्या नाव टाकलंत की ती जाहिरात होते, मग लोक माझ्याबद्दलच बोलतात आणि लसीचं बाजूला राहतं. इंदिरानगरच्या बाजूला आहे, बालरोगतज्ज्ञांचं छोटं क्लिनिक, दोन खोल्या आणि बाहेर बाकडी. तुम्ही सिडकोत असा, गंगापूर रोडला असा नाहीतर नाशिकरोडला, तुमच्या जवळच्या ठिकाणी जाताना काय बघायचं आणि काय विचारायचं एवढं यातून कळलं तरी पुष्कळ.

पाचपैकी साडेचार. अर्धा कुठे कापला ते पुढे सांगते.

आधी घरची परिस्थिती सांगते, कारण मला वाटतं बहुतेक घरात थोड्याफार फरकाने हेच असतं. ही लस एचपीव्ही नावाच्या व्हायरसवरची, आणि त्या व्हायरसमुळे होतो तो गर्भाशयाच्या पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, आपल्याकडे बायका असंच म्हणतात, भारतात दरवर्षी त्याच्या सव्वा लाखाच्या आसपास नवीन केसेस निघतात आणि ७५ हजारांहून जास्त बायका जातात. मला हे आकडे माहीत होते, मिस्टरांना पण माहीत होते, तरी आमच्या घरात निर्णय होत नव्हता. मग आला २०२४चा फेब्रुवारी. १ तारखेला बजेटच्या भाषणात अर्थमंत्री ९ ते १४ वयाच्या मुलींच्या या लसीबद्दल बोलल्या. २ तारखेला अभिनेत्री पूनम पांडे गेली, याच कॅन्सरने गेली, अशी पोस्ट तिच्या अकाउंटवर आली आणि दिवसभर जिकडे तिकडे तेच, फॅमिली ग्रुपवर ज्या काकू फक्त गुड मॉर्निंग टाकतात त्यांनी पण लसीची माहिती टाकली. ३ तारखेला ती स्वतःच व्हिडिओत आली, मी जिवंत आहे, जागृतीसाठी केलं म्हणून. आणि त्याच काकू, तेच ग्रुप, सगळ्यांचा सूर फिरला. बघा सगळं नाटक, बजेटमधे नाव आलं आणि लगेच दुसऱ्या दिवशी हे, म्हणजे कंपनीचंच असणार सगळं. मला त्या बाईचा खरंच राग आला होता आणि अजून आहे. ज्यांच्या घरात कुणी या आजाराने गेलंय त्यांच्यावर काय गुजरलं असेल त्या दिवशी, आणि वरून लसीबद्दलचा संशय आमच्यासारख्या घरात वाढवून ठेवला तो वेगळाच. आजाराची माहिती तीच होती ना, १ तारखेची तीच ३ तारखेला, पण फसवलं गेल्याची भावना आली की माणूस माहितीसकट सगळंच फेकून देतो.

त्यानंतर आम्ही एका दुसऱ्या ठिकाणी गेलो होतो, शहरातच, नाव घेत नाही. मिस्टरांनी दोन प्रश्न विचारले, साधेच, साइड इफेक्ट काय आणि पुढे मूल व्हायला प्रॉब्लेम येतो असं ऐकलंय ते खरं का. तिथल्या डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, व्हॉट्सअप वाचून येऊ नका, घ्यायची तर घ्या नाहीतर राहू द्या. मिस्टर म्हणाले बरं राहू द्या आणि उठले. झालं, पुढे कितीतरी दिवस घरात विषय निघाला की "राहू द्या". त्या डॉक्टरांचं ज्ञान कमी असेल असं मी म्हणत नाही, पण शंका घेऊन आलेल्या माणसाला अडाणी ठरवलं की तो आपली शंका घट्ट धरून बसतो, कारण आता ती सोडणं म्हणजे अपमान मान्य करणं.

मग मैत्रिणीने हे क्लिनिक सांगितलं. मे महिन्यात गेलो, आणि वरातच गेली म्हणा ना, कारण नणंद निफाडहून भाचीला घेऊन आली होती, ती १७ वर्षांची, सोबत दाजी, सासूबाई, माझी लेक १३ ची आणि आम्ही दोघं. मला वाटलं मॅडम म्हणतील एवढी माणसं कशाला. त्यांनी उलट बाहेरून दोन खुर्च्या आत मागवल्या, सगळ्यांना बसवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "या लसीबद्दल तुम्ही काय काय ऐकलंय? चांगलं वाईट सगळं सांगा." आणि मग गप्प बसल्या. खरोखर गप्प, कुणी काही म्हटलं की लगेच खोडून काढणं नाही, कागदावर लिहून घेत होत्या.

सासूबाईंनी सुरुवातच केली ती चुंबकापासून. आठवत असेल, जून २०२१ मधे आपल्या सिडकोतल्या एका गृहस्थांच्या अंगाला कोविडच्या दुसऱ्या डोसनंतर चमचे, नाणी चिकटतात म्हणून टीव्हीवाले जमले होते आणि मग देशभरातून तसे व्हिडिओ यायला लागले. लसीने चुंबक वगैरे काही होत नाही असा सरकारी फॅक्ट चेक आला, अंनिसवाल्यांनीही समजावून सांगितलं, पण आमच्या आईंनी बातमी बघितली होती, खुलासा बघितला नव्हता. आणि बातमी नाशिकची होती, आपल्या ओळखीच्या रस्त्यावरची, त्यामुळे ती जास्त खरी वाटलेली. मॅडम म्हणाल्या, "आजी, करूनच बघू." मे मधला उकाडा, लाईट पण मधेच जाऊन आलेले, सगळे घामाघूम. माझ्या लेकीच्या कपाळावर त्यांनी एक रुपयाचं नाणं दाबून धरलं आणि हात काढला. चिकटलं! लेक डोळे वर करून बघतेय, भाची हसतेय. मग टेबलावरची पावडर तिच्या कपाळाला लावली, परत नाणं ठेवलं, टपकन खाली. आईंनी मग स्वतःच्या दंडावर करून बघितलं, पावडर लावून आणि न लावता. मॅडम एवढंच म्हणाल्या की ओलसर त्वचेला हलकी गुळगुळीत वस्तू चिकटते, चुंबक असता तर पावडरने काय फरक पडला असता. आई काही बोलल्या नाहीत पण घरी आल्यावर शेजारच्या काकूंना बोलावून त्यांच्यावर प्रयोग केला.

दाजींचं प्रकरण जास्त अवघड होतं. त्यांनी मोबाईल काढून एक व्हिडिओ लावला, याच लसीने आंध्रात मुली दगावल्या असा. मॅडमनी तो पूर्ण बघितला, शेवटपर्यंत, आणि म्हणाल्या, "यातलं अर्धं खरं आहे." मला वाटतं त्या एका वाक्यावर दाजी बदलले, कारण ते भांडायच्या तयारीने आले होते. मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि मी नंतर घरी येऊन वाचलं, तसंच आहे. २००९-१० मधे तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला पाथ या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयसीएमआर म्हणजे केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद आणि राज्य सरकारांच्या सोबतीने, वीस हजारांवर मुलींना ही लस दिली. त्यातल्या सात मुली पुढे वारल्या, बातम्या आल्या, आणि एप्रिल २०१० मधे केंद्राने तो कार्यक्रम थांबवला. चौकशी झाली, कुणी बुडून, कुणी सर्पदंशाने, कुणी विषारी औषध पिऊन, कुणी मलेरियाने, लसीशी संबंध निघाला नाही. पण चौकशीत दुसरी गोष्ट निघाली, बऱ्याच मुलींच्या संमतीच्या कागदावर आईबापांच्या जागी होस्टेलच्या वॉर्डनच्या नाहीतर हेडमास्तरांच्या सह्या होत्या. गरीब आदिवासी घरच्या मुली, त्यांच्या आईबापांना कुणी विचारलंच नव्हतं. २०१३ मधे संसदेच्या समितीनेही त्यावर कडक शब्दांत लिहिलं. मॅडम म्हणाल्या, "तिथे चूक झाली, आणि ती चूक लपवली की लोक लसीवर राग काढतात, म्हणून मी लपवत नाही. इथे तुमची सही आणि मुलीचा होकार, दोन्ही झाल्याशिवाय मी टोचत नाही."

दाजी थोडा वेळ शांत. मग त्यांनी त्यांच्या द्राक्षबागेच्या भाषेत विचारलं, "म्हणजे डाऊनी (वेलीवरची बुरशी) यायच्या आधीच फवारा घेऊन ठेवायचा, आल्यावर मारून काय उपयोग, असंच ना?" द्राक्षवाल्याला यापेक्षा चांगलं कुणी काय समजावणार, त्यांनी स्वतःच स्वतःला समजावलं. मॅडमनी तिथूनच धागा पकडून पुढचं सांगितलं, की व्हायरस एकदा शरीरात बसला की ही लस तो काढू शकत नाही, म्हणून आधी द्यायची, आणि लहान वयात शरीर जास्त जोरात प्रतिसाद देतं म्हणून ९ ते १४ मधे दोन डोस पुरतात, सहा महिन्यांच्या अंतराने, आणि १५ पासून पुढे तीन लागतात, पहिला, मग दोन महिन्यांनी आणि मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी. म्हणून भाचीला तीन, लेकीला दोन. कुणाकडे एकच डोस पुरे असा मेसेज आला असेल तर तोही अगदीच खोटा नाही, डब्ल्यूएचओने २०२२ मधे काही लसींसाठी एका डोसचा पर्याय मान्य केलाय, पण आम्ही घेतली तेव्हा आमच्या लसीला इथे दोन-तीन डोसचंच शेड्यूल होतं.

आता जो प्रश्न कुणीच मोठ्याने विचारत नाही तो. ही लस म्हणजे शरीरसंबंधातून पसरणाऱ्या व्हायरसची, मग तेरा वर्षांच्या पोरीला ती देणं म्हणजे काय, आमच्या घरात असलं काही नाही, लग्न ठरलं की बघू. नणंदेच्या मनात हेच होतं हे मला माहीत होतं कारण तिने मला फोनवर कुजबुजून सांगितलं होतं, पण खोलीत ती पदर सावरत खाली बघत बसलेली. मॅडमनी तो प्रश्न तिच्या तोंडून वदवून घेतलाच नाही. त्यांनी सांगितलं की जन्मल्या बाळाला आपण हिपॅटायटिस बीची लस देतो, तो पण रक्तातून आणि संबंधातूनच पसरतो, तेव्हा कुणी बाळाच्या चारित्र्याचा विचार करत नाही. आणि ही लस मुलांनाही देता येते, कारण व्हायरस दोघांनाही होतो. हे ऐकून नणंदेने मान वर केली. मला वाटतं तिच्या डोक्यावरचं ओझंच ते होतं, की हे सगळं मुलीच्याच नावावर का. लाजेपोटी न विचारलेला प्रश्न अफवेपेक्षा जास्त अडवतो असं माझं मत झालंय, कारण अफवेवर निदान कुणी उत्तर तरी देतं.

शेवटी मॅडमनी आईंना विचारलं, "आजी, तुमच्या पाहण्यात कुणाला हा आजार झाला होता का?" आणि आई, ज्या घरी या विषयावर एक शब्द बोलल्या नव्हत्या, त्यांनी त्यांच्या थोरल्या जावेचं सांगितलं. अंगावरून जायचं, वास यायचा, ती वेगळ्या चटईवर झोपायला लागली, कुणाला सांगितलं नाही, दवाखान्यात नेलं तेव्हा फार पुढे गेलेलं. मिस्टरांनी पण हे पहिल्यांदा ऐकलं, त्यांना इतकी वर्षं मोठी काकू "पोटाच्या दुखण्याने" गेली एवढंच माहीत होतं. सव्वा लाखाचा आकडा आमच्या घरात जे करू शकला नाही ते आईंच्या त्या चार वाक्यांनी केलं. मॅडमनी त्यावर काही भाष्य केलं नाही, भीती घालायची ती आयती संधी होती आणि त्यांनी ती घेतली नाही, फक्त आईंना पाणी दिलं.

त्या दिवशी लस टोचलीच नाही त्यांनी. म्हणाल्या घरी जा, मुलींशी बोला, मग फोन करा. आम्ही त्याच आठवड्यात परत गेलो.

आता प्रॅक्टिकल गोष्टी. मॅडमनी दोन प्रकारच्या लसी सांगितल्या. एक आपल्या पुण्याच्या सीरमची सर्व्हावॅक, जिला जुलै २०२२ मधे परवानगी मिळाली, एका डोसची एमआरपी तेव्हा २,००० रुपये होती. ती चार प्रकारच्या व्हायरसवर आहे, त्यातले १६ आणि १८ नंबरचे दोन या कॅन्सरच्या सत्तर टक्के केसेसना जबाबदार असतात. दुसरी बाहेरची नऊ प्रकारांवरची, गार्डासिल ९, ती तेव्हा दहा हजारांच्या वर जायची एका डोसला. मॅडमनी दोन्ही समजावल्या आणि महागडी गळ्यात मारली नाही, परवडत असेल तर ती घ्या, नसेल तर ही घेऊन मोकळ्या व्हा, पण महागडीसाठी पैसे जमवू म्हणून तीन वर्षं थांबू नका. हे वाक्य मला फार आवडलं. आम्ही सर्व्हावॅक घेतली. एका बाटलीत दोन डोस असतात, त्यामुळे क्लिनिकवाले शक्यतो दोन मुलींना एकाच दिवशी बोलावतात, आमच्या दोघी असल्यामुळे सोपं झालं. एकटी असेल तर ते जोडी जुळवून फोन करतात.

लसींचा फ्रीज वेगळा आहे, त्यात दुसरं काही नाही, बाहेर थर्मामीटरचा डिस्प्ले, २ ते ८ डिग्रीमधे पाहिजे असतं, आणि रोजच्या नोंदीची वही शेजारी लटकवलेली. इन्व्हर्टर आहे. टोचण्याआधी सिस्टरांनी बाटली लेकीच्या हातात देऊन तिच्याकडूनच एक्स्पायरी वाचून घेतली. तुम्ही कुठेही जा, हे मागा, मागायला लाजू नका. दंडावर टोचतात, बसवूनच टोचतात, आणि मग १५ मिनिटं समोरच्या बाकड्यावर बसायला लावतात, घाई असली तरी सोडत नाहीत. लेकीचा हात दोन दिवस दुखला, भाचीला रात्री थोडी कणकण, बाकी काही नाही.

त्या बाकड्यावर बसलेलो असताना जे झालं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर. हे भाचीच्या दुसऱ्या डोसच्या वेळचं, जुलैमधलं. आमच्या आधी एका मुलीला टोचलं होतं, बारीकशी, दहावीतली असेल. ती आईच्या शेजारी बसली आणि एकदम पांढरीफटक पडली, ओठ सुकले, मान एका बाजूला कलली. तिची आई किंचाळली. बाकड्यावरच्या दुसऱ्या एका बाईंनी पर्समधून मोबाईल काढला आणि शूटिंग सुरू केलं, त्यांच्या मनात काही वाईट असेल असं नाही, हल्ली आपला हातच तिकडे जातो. सिस्टर आतून आल्या, घाई नाही गोंधळ नाही, मुलीला तिथेच आडवं केलं, पाय उशीवर वर केले, ओढणी सैल केली. आणि एक हात मुलीच्या नाडीवर ठेवूनच त्या बाईंना म्हणाल्या, "ताई, शूटिंग करायचं तर ती उठून बसेपर्यंत करा, मधेच बंद करू नका." एवढंच. बाई थबकल्या आणि मोबाईल खाली घेतला. पाचेक मिनिटांत मुलगी उठून बसली, बिस्किट खाल्लं, आणि पहिलं काय बोलली तर मम्मी तू का रडतेस. मॅडम येऊन तपासून गेल्या, बीपी बघितलं, अर्धा तास बसवून ठेवलं.

सिस्टरांनी नंतर सगळ्यांनाच सांगितलं की या वयात सुईच्या भीतीने, उपाशी पोटी आलं की अशी भोवळ येते, कुठल्याही इंजेक्शनला येते, म्हणून तर बसवून टोचतो आणि १५ मिनिटं थांबवतो. या सिस्टर आधी मालेगावात दारोदार जाऊन लसीकरण करायच्या. म्हणाल्या, लोक तोंडावर दार लावायचे तेव्हा आम्ही बोळ बदलायचो नाही, घरातल्या म्हाताऱ्या बाईशी आधी बोलायचो, दुसऱ्या दिवशी परत जायचो. २०२२च्या शेवटी मुंबई, भिवंडी आणि मालेगावात गोवर आला, तेव्हा लेकरं आजारी पडलेली बघून लोक हळूहळू तयार झाले, पण तोवर नुकसान झालेलं असतं.

मी घरी येऊन जपानबद्दल वाचलं तेव्हा मला त्या मोबाईलची परत आठवण झाली. जपानने एप्रिल २०१३ मधे ही लस नियमित कार्यक्रमात घेतली. त्याच सुमाराला काही मुलींना त्रास झाल्याच्या, झटके येतानाच्या, चालता न येतानाच्या बातम्या आणि व्हिडिओ टीव्हीवर यायला लागले, आणि जूनमधे सरकारने शिफारस करणंच थांबवलं. लस बंद नव्हती, मागितली तर मिळत होती. पण सत्तर टक्क्यांच्या आसपास असलेलं प्रमाण एक टक्क्याच्या खाली आलं. लसीमुळे ते त्रास होतात असं पुढच्या अभ्यासांत काही निघालं नाही, तरी शिफारस परत सुरू व्हायला एप्रिल २०२२ उजाडला. नऊ वर्षं! तेवढ्यात किती मुलींचं वय निघून गेलं असेल. शिकलेला, शिस्तीचा देश, म्हणजे हे काही अडाणीपणाचं काम नाही, कळवळणाऱ्या मुलीचं चित्र बघितल्यावर कुठल्याही आईचं काळीज तेच करणार. उलट आपल्याच सिक्कीमने २०१८ मधे शाळांतून लस दिली तर ९५ टक्क्यांच्या वर मुलींनी घेतली, कारण आधी शिक्षक, डॉक्टर, पत्रकार, पालक सगळ्यांशी बोलून घेतलं होतं. आणि स्कॉटलंडमधे २००८ पासून बारा-तेरा वर्षांच्या ज्या मुलींना पूर्ण डोस मिळाले त्यांच्यात या कॅन्सरची एकही केस सापडली नाही असा अभ्यास २०२४च्या जानेवारीत आला. ही बातमी किती जणांच्या मोबाईलवर आली? माझ्या तरी एकाही ग्रुपवर आली नव्हती, मॅडमनीच सांगितली.

अजून एक आवडलं, भिंतीवर घाबरवणारी चित्रं नाहीत. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी उलटं दिसतं, रडणाऱ्या बाईचा फोटो आणि खाली "आजच घ्या नाहीतर उशीर होईल". मला हे पटत नाही, लस चांगली असली तरी. भीती दाखवून आणलेला माणूस पहिला डोस घेतो आणि दुसऱ्याच्या आधी कुणीतरी उलटी भीती दाखवली की गायब होतो, तिथे सहा महिन्यांचं अंतर असतं आणि तेवढ्यात शंभर रील्स येऊन जातात.

आता अर्धा स्टार. संमतीचा फॉर्म इंग्लिशमधे आहे, दोन पानं, बारीक अक्षर. मॅडम तोंडी सगळं मराठीत सांगतात, पण दाजींनी सही केली ती न वाचता येणाऱ्या कागदावर, आणि ज्या क्लिनिकमधे खम्ममचं एवढं मनापासून सांगितलं जातं तिथे हे व्हायला नको. मे मधेच मी हे बोलले होते, दिवाळीला गेलो तरी तोच फॉर्म. रिमाइंडरचा मेसेज पण इंग्लिशमधे. रेटबोर्ड नाही, लस टोचायचा चार्ज वेगळा आहे हे बिलाच्या वेळी कळलं, रक्कम मोठी नव्हती पण आधी सांगायला हवं. अपॉइंटमेंट असून पाऊणएक तास बसावं लागतं कारण प्रत्येक घराला मॅडम वेळ देतात, त्याबद्दल मी तक्रार करणार नाही. पार्किंग नाहीच, गाडी लांब लावून चालत या.

आणि आयांसाठी. मॅडम मुलींचं झाल्यावर आईकडे वळून विचारतात, तुमची या कॅन्सरची तपासणी कधी झाली होती? आमच्या वेळी बाकड्यावरच्या सगळ्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. तिशीच्या पुढच्या बायकांमधे ही तपासणी केलेल्या दोन टक्केसुद्धा नव्हत्या, २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातलाच आकडा आहे. लस घेतलेल्या मुलींनी पण पुढे तपासणी करायचीच असते कारण लस सगळ्या प्रकारांवर नाही. त्या स्वतः ती तपासणी करत नाहीत, बालरोगवाल्या आहेत, पण स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी देतात. नणंद आणि मी मिळून जाऊन आलो, पाच मिनिटांचं काम, दुखत नाही, अवघडल्यासारखं होतं तेवढंच, बाई डॉक्टर मागून घ्या.

जायचं ठरवलं तर मुलीला पोटभर जेवू घालून न्या, सैल बाहीचा ड्रेस घाला, जुनी लसीकरणाची फाईल घ्या कारण बॅच नंबरचं स्टिकर त्यातच चिकटवून देतात. ताप असेल तर फोन करून तारीख पुढे घ्या. दुसऱ्या डोसची तारीख स्वतःच्या मोबाईलमधे टाका, क्लिनिकच्या मेसेजवर राहू नका. घरात ज्यांचा विरोध असेल त्यांना सोबत न्या, घरी ठेवून जाऊ नका. शनिवारी सकाळी बाळांच्या लसींची झुंबड असते, मधल्या वारी संध्याकाळी साडेपाचच्या आसपास गेलात तर मॅडम निवांत बोलतात.